मरीन ड्राइव्ह : सांगलीच्या कृष्णाकाठासाठी काय उचलावं, काय तिथंच सोडावं

सांगलीत नदीकाठ सुधारायचा विषय निघाला की कुणीतरी मोबाइलमधला मरीन ड्राइव्हचा फोटो पुढं करतं आणि म्हणतं, आपल्याकडं असं करू. फोटोवर काम ठरवण्यापेक्षा एक दिवस काढून ती जागा नीट बघून यावी. लँडस्केपचं काम करणारे, सिव्हिलचे विद्यार्थी, बागेची कामं घेणारे ठेकेदार आणि अशा कामांना मंजुरी देणारे लोकप्रतिनिधी यांना अभ्यासासाठी ही जागा कितपत उपयोगी पडते, एवढ्यापुरतंच हे परीक्षण आहे. मत आधीच सांगतो: शिकण्याजोगं तिथं भरपूर आहे, पण तिथला काठ जसाच्या तसा कृष्णेवर उतरवला तर पहिल्या मोठ्या पुरात तो टिकणार नाही. कारण साधं आहे. समुद्राचा काठ लाटेशी झुंजतो, नदीचा काठ चढत्या-उतरत्या पातळीशी. दोन्हींचा मार वेगळा, म्हणून बांधणीही वेगळी.

जायचा दिवस पंचांग बघून ठरवा. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा कोळ्यांचा जुना हिशेब अभ्यासदौऱ्यालाही चालतो. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया घेतली तर भरती दुपारी दीडच्या आसपास येते आणि ओहोटी सकाळी सात-साडेसातला. महालक्ष्मी एक्स्प्रेस मिरज, सांगली, कराड, सातारा करत सकाळी सीएसएमटीला पोहोचते. म्हणजे उतरून चहा घेऊन चर्चगेटच्या बाजूनं कट्ट्यावर गेलं, की पाणी खाली गेलेलं आणि बांधाचा पायथा उघडा पडलेला सापडतो. दुपारी त्याच जागी उधाणाचं पाणी, आणि संध्याकाळी दिवे लागताना पुन्हा ओहोटी. अष्टमीच्या आसपास गेलात तर भांगाचं पाणी असतं, फरक कमी दिसतो आणि निम्मा धडा हुकतो.

सोबत ५ मीटरची टेप, ३० मीटरची टेप, १ मीटरची लेव्हलपट्टी, आलेखाची वही आणि पाण्याची बाटली एवढं पुरे. बाटली पिण्यापुरती नाही. फरशीवर थोडं पाणी ओतलं की ते कुठं धावतं आणि कुठं थांबतं ते दिसतं. ड्रॉइंगवर लिहिलेला उतार आणि प्रत्यक्षातला उतार यातली तफावत एवढ्यानं उघडी पडते. लेव्हलपट्टी फरशीवर ठेवून बुडबुडा मध्यावर आणला आणि खालच्या टोकाला २ सेंटिमीटर फट राहिली, तर उतार ५० ला १. पायवाटेला हाच आडवा उतार योग्य. यापेक्षा जास्त झाला तर चालणाऱ्याचा घोटा दुखतो, कमी झाला तर डबकी साचून शेवाळ धरतं.

पहिलं काम आडवा छेद काढायचं, म्हणजे काठ आडवा कापला तर बाजूनं कसा दिसेल त्याचं मोजून काढलेलं चित्र. इमारतीच्या भिंतीपासून सुरू करा: इमारतीकडचा फुटपाथ, सहा पदरी रस्ता, मधला दुभाजक, समुद्राकडची रुंद पायवाट, कट्टा, त्याखालचे टेट्रापॉड (चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे) आणि पाणी. प्रत्येक टप्प्याची रुंदी आणि उंची मोजून १ ला १०० प्रमाणात एकाच कागदावर मांडा. ही जमीन भर घालून मिळवलेली आहे, म्हणजे छेदातली जवळजवळ प्रत्येक रेषा माणसानं ठरवलेली आहे. नवख्याला लँडस्केपचा छेद शिकवायला इतकी स्वच्छ जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

कट्ट्याबद्दल लोक सगळ्यात जास्त बोलतात आणि तो खरंच अभ्यासण्यासारखा आहे. बाक, कठडा आणि किनाऱ्याची कड ही तीन कामं तो एकटा करतो. मध्ये खांब नाहीत, हात टेकायचे दांडे नाहीत, सलग रेषा. त्यामुळं एकटा माणूस, जोडपं, दहा जणांचा घोळका, सगळ्यांना त्यात जागा होते. ठरावीक अंतरावर बाक टाकले असते तर हे झालं नसतं. बसायची सोयीची उंची ४० ते ४५ सेंटिमीटर धरतात. कट्टा दोन-चार ठिकाणी मोजा आणि लोक कुठल्या उंचीवर पाय टेकवून बसतात, कुठं लोंबकळत बसतात ते टिपा. पायवाटेकडं तोंड करून बसलेल्याचे पाय ६० ते ७५ सेंटिमीटर जागा खातात. तेवढी पट्टी सोडून चालायला निदान ३ मीटर मोकळी राहिली तर धावणारा, बाबागाडी आणि रेंगाळणारं कुटुंब एकमेकांना अडत नाहीत. आपल्याकडच्या बऱ्याच पायवाटा २ मीटरच्या करून त्यातच बाक टाकलेले असतात, आणि मग लोक रस्त्यावरून चालतात.

कट्ट्याला पाठ टेकायला काही नाही ही त्याची उणीव. वयस्कर माणूस दहा मिनिटांत उठतो. आणि सांगलीत हा कट्टा काठाच्या कडेवर बांधूच नये. तिथं खाली टेट्रापॉड आहेत, इथं खाली थेट खोल पाणी किंवा उभी दरड. बसायचा कट्टा कडेपासून निदान दीड मीटर आत घ्या आणि कडेला १ मीटरहून उंच रेलिंग वेगळं करा. दोन्ही कामं एकाच भिंतीकडून करून घ्यायच्या हट्टात एक तर बसणं गैरसोयीचं होतं, नाहीतर सुरक्षितता जाते.

वळणाचा धडा चालता चालताच कळतो. साधारण साडेतीन किलोमीटरचा हा काठ आतल्या बाजूला वळलेला आहे, त्यामुळं कुठंही उभं राहिलं तरी मलबार हिल आणि नरिमन पॉइंट ही दोन्ही टोकं नजरेत राहतात. आपण कुठं आहोत आणि अजून किती चालायचं आहे हे पाटी न वाचता समजतं. पाठीमागं आर्ट डेको इमारतींची जवळपास एका उंचीची रांग आहे. २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या समूहात ती येते. या रांगेमुळं एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला मोकळं आकाश अशी जागा तयार होते. मध्येच एखादा तीसमजली टॉवर घुसला की ती जागा कशी फाटते, हेही तिथल्या काही कोपऱ्यांवरून दिसतं. सगळं वळण एका नजरेत बघायचं तर मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कात जा. वेळ उरला तर तिथलाच, २०२५ मध्ये सुरू झालेला झाडीतला उंच लाकडी मार्ग बघा. झाडांच्या मुळांना धक्का न लावता खांब कसे रोवलेत, ते वाकून पाहण्यासारखं आहे.

दिव्यांबद्दल थोडक्यात. २०१५ मध्ये इथले पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी बसवले, त्यावरून ओरड झाली आणि नंतर पुन्हा पिवळसर प्रकाश आणला. वीज वाचवायला एलईडी हवेतच, पण बसायच्या जागी २७०० ते ३००० केल्विनचेच घ्या (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळसर). निविदेत केल्विन लिहिलं नाही तर ठेकेदार ६५०० चे आणतो, कारण बाजारात तेच पटकन मिळतात. मग काठ मोटारींच्या शोरूमसारखा दिसतो आणि चेहरे पांढरेफटक.

आता टेट्रापॉड. सगळ्यात जास्त चुकीचं अनुकरण याचंच होतं, म्हणून इथं जास्त वेळ थांबा. चार पायांचा हा काँक्रीटचा ठोकळा फ्रान्समध्ये १९५० मध्ये तयार झाला. एकेक ठोकळा काही टनांचा असतो. तो नुसत्या वजनानं लाट अडवत नाही. पाय एकमेकांत अडकतात आणि मध्ये पोकळ्या राहतात. लाट त्या पोकळ्यांत शिरते, तुकडे होऊन फुटते आणि जोर गमावून परत जाते. सरळ उभी भिंत असती तर लाट आपटून तशीच उलटली असती आणि जाता-येता भिंतीचा पायथा खरवडून गेली असती. किनारी रस्त्याच्या कामासाठी काही टेट्रापॉड हलवले होते तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी इमारतींना हादरे जाणवत असल्याची तक्रार केली होती. पोकळ्या किती काम करतात ते यावरून समजावं. दुपारच्या उधाणाला एका जागी उभं राहून पाच-सात लाटा नुसत्या ऐका. जिथं ठोकळे दाट आणि उंच आहेत तिथं आवाज घुसमटलेला येतो, जिथं ठोकळ्यांनी बसकण मारली आहे तिथं थप्पड बसल्यासारखा. ठोकळ्यांवर मात्र उतरू नका. शेवाळानं निसरडे असतात आणि पोकळीत अडकलेल्यांना काढायला अग्निशमन दलाला यावं लागतं. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती असेल त्या दिवशी कट्ट्यापासूनही लांब राहा.

हे टेट्रापॉड कृष्णेच्या काठाला टाकायची सूचना अधूनमधून येते. नदीत पाणी काठाला समांतर धावतं. पुरात जलपर्णी, उसाचं पाचट, मोडलेली झाडं वाहत येतात आणि ठोकळ्यांच्या पायांत अडकून बसतात. तिथं गाठ तयार होते, पाणी वळसा घालून शेजारचा मातीचा काठ खायला लागतं. शिवाय मऊ गाळाच्या काठावर इतकं वजन टाकलं तर ते हळूहळू रुततं. नदीला हवी ती उतारावरची दगडी पिचिंग, म्हणजे बसवलेल्या दगडांचं अस्तर, आणि तिच्या पायथ्याशी पात्रात पसरलेला सुट्या दगडांचा गालिचा. पुरात पायथ्याची माती खरवडली गेली की हे सुटे दगड त्या खड्ड्यात घरंगळतात आणि स्वतःच उताराला कवच घालतात. जितकी खोल खरवड अपेक्षित असेल तिच्या दीडपट रुंदीचा हा थर टाकायचा असतो. अंदाजपत्रकात कात्री लावताना पहिल्यांदा हाच थर उडवला जातो, कारण तो पाण्याखाली असतो आणि उद्घाटनाच्या फोटोत येत नाही. मग दोन पावसाळ्यांत वरची पिचिंग खाली सरकते.

पातळीचा हिशेब समोरासमोर मांडला की फरक आणखी स्पष्ट होतो. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत चार ते पाच मीटरचा फरक पडतो, तोही वेळापत्रकानुसार, आणि भरतीचं पाणी पायवाटेच्या खालीच राहतं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. इशारा पातळीवर फिरायची पायवाट बांधली असती तर तिच्यावर १७ फूट पाणी चढलं असतं, म्हणजे पाच मीटरहून जास्त. २००५ आणि २०२१ चे पूरही लोकांच्या आठवणीत ताजे आहेत. तेव्हा प्रश्न पाणी पायवाटेवर येईल का, हा नाहीच. येणारच. ते आल्यावर काय टिकेल आणि गेल्यावर किती तासांत धुऊन काठ पुन्हा वापरात येईल, हे आधी ठरवायचं.

म्हणून मरीन ड्राइव्हची एकाच पातळीवरची पायवाट इथं चालत नाही. काठाला तीन टप्पे हवेत. दरवर्षी बुडणाऱ्या खालच्या टप्प्यावर फक्त दगडी पायऱ्या. दिवे नकोत, बाक नकोत, कुंड्या तर नकोतच. मधला टप्पा काही वर्षांनी बुडणारा: तिथं फरसबंदी आणि पायात काँक्रीट भरून बसवलेले दगडी बाक. विजेचे पॅनल, स्वच्छतागृह, खाऊच्या गाड्या हे सगळं वर. कायद्याची चौकटही याच दिशेची आहे. साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतल्या पुराची लाल रेषा पाटबंधारे विभागाच्या नकाशावर असते. नदी आणि निळ्या रेषेच्या मधला पट्टा बाग, मैदान अशा मोकळ्या वापरासाठीच ठेवायचा असतो. नकाशा मागून घ्या आणि पहिली रेघ ओढण्याआधी दोन्ही रेषा आपल्या छेदावर मांडा.

आणखी एक गोष्ट समुद्रावर दिसत नाही आणि नदीवर मात्र भिंती पाडते. पूर चढताना भिंत सहसा पडत नाही, उतरताना पडते. चढलेलं पाणी भिंतीमागच्या मातीत मुरलेलं असतं. नदी झपाट्यानं उतरली की समोरचा दाब जातो, मागची भिजलेली माती मात्र ढकलतच राहते. आपल्याकडची काळी माती तर भिजल्यावर फुगते आणि पाणी सोडायला वेळ लावते. उपाय जुना आहे: भिंतीमागं काळी माती न भरता मुरूम भरायचा, भिंतीलगत ३० ते ४५ सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर, त्याच्या आणि मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं), आणि भिंतीत दीड-दीड मीटरवर १०० मिलिमीटर व्यासाचे पाइप, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. कामात चुकतं ते असं: पाइप टाकतात, पण मागं खडी टाकत नाहीत. मग पाण्याबरोबर माती पाइपातून गळत राहते, वरच्या फरसबंदीखाली पोकळी होते आणि एक दिवस माणसाच्या पावलाखाली ब्लॉक खचतो. दुसरी चूक म्हणजे गिलावा करताना पाइपांची तोंडं बुजवणं. काम ताब्यात घेताना प्रत्येक पाइपात सळई घालून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

फरशीबाबत मरीन ड्राइव्हवर सांधे बघा, खचलेल्या जागा बघा आणि पाणी ओतून पहा. पेव्हर ब्लॉक पायी वर्दळीला ६० मिलिमीटरचा आणि गाडी चढणार असेल तिथं ८० चा, खाली ३० मिलिमीटर वाळू आणि त्याखाली दाबलेला खडी-मुरूम, ही कोरड्या जागेची कृती झाली. वरच्या टप्प्यावर ती चालेल. मधल्या टप्प्यावर पूर वाळू धुऊन नेतो आणि ब्लॉक उचलले जातात. तिथं आपला काळा दगडच घाला, पक्क्या बेडवर, पृष्ठभाग टाकीनं ठोकलेला. गुळगुळीत ग्रॅनाइट किंवा चकचकीत टाइल्सवर पुराचा गाळ बसला की त्यावरून चालणं म्हणजे पडणंच. गाळ ओला असतानाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं काढावा लागतो, वाळला की टिकाव घ्यावी लागते. म्हणून मधल्या टप्प्यापर्यंत पाण्याची लाइन आणि गाळ परत नदीत ढकलायला कठड्यात मोकळ्या फटी ठेवा.

रेलिंगला समुद्रकाठी ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील लागतं, कारण खारा वारा ३०४ ग्रेडच्या स्टीलला डाग पाडतो. कृष्णेचं पाणी खारं नाही. इथं ३१६ लिहिणं म्हणजे पैसे उधळणं. गॅल्व्हनाइज्ड पाइप पुरतो.

झाडांसाठी मरीन ड्राइव्ह मध्यम दर्जाची शाळा आहे. सावली कमी आहे आणि एप्रिल-मे महिन्यात अकरानंतर कट्टा तापतो. पण खारा वारा झाडाला काय करतो ते कळतं: समुद्राकडच्या पानांच्या कडा करपलेल्या, त्या बाजूची वाढ खुजी. किनाऱ्याला उंडी, भेंडीचं झाड (भाजीची भेंडी नव्हे), नारळ, देशी बदाम, करंज तग धरतात. यातला करंज तेवढा दोन्हीकडं चालतो. नदीकाठी अर्जुन, जांभूळ, करंज वरच्या टप्प्यावर, वाळुंज पाण्याजवळ, उतारावर वाळा आणि लव्हाळी. गुलमोहर आणि सोनमोहर काठावर लावू नयेत, फांद्या ठिसूळ आणि मुळं उथळ. वड-पिंपळ-उंबर बांधकामापासून लांब ठेवा, दगडाच्या सांध्यात मूळ शिरलं की घाटच उकलतो. विकतचं लॉन तर विसराच. हातभर गाळाखाली ते कुजतं, हरळी मात्र पातळ गाळातून पुन्हा वर येते. झाडाचा खड्डा १ मीटर लांब-रुंद-खोल हवा आणि खोडाभोवती निदान तेवढी जागा सिमेंटशिवाय. सांगलीच्या हरिपूर रस्त्यावरच्या चिंचांखाली दुपारी कोणीही उभं राहून बघावं, फिरायच्या वाटेला सावली म्हणजे काय असतं ते कळतं. मुंबईत सुशोभीकरणाच्या नावाखाली लावलेल्या पामांखाली ती मिळत नाही.

दुपारनंतर तीन-चार तास असतील तर लोकलनं वांद्र्याला जाऊन कार्टर रोडचा काठ बघा. तिथं तिवरांची झाडी कठड्याला भिडलेली आहे. काठ दगडानं बंद करण्याऐवजी झाडीच्या हवाली केला तर काय होतं, हे मरीन ड्राइव्हनंतर लगेच बघितलं की फरक डोळ्यांत भरतो. त्याचवेळी झाडीत अडकलेला प्लास्टिकचा कचराही दिसतो. काठ मऊ ठेवायचा तर रोजच्या सफाईची तरतूद धरावी लागते.

स्वतःची गाडी असेल तर परतीच्या वाटेवर सुरूर फाट्याला वळून वाईला थांबा, कारण या अभ्यासाचा निम्मा भाग तिथं आहे. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ मध्ये सरदार रास्ते यांनी बांधलं, ऐन नदीच्या काठाला. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. पुराचं पाणी त्या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. सपाट भिंत असती तर तिला सगळा धक्का सोसावा लागला असता. पूर अडवायचा नाही, वाट द्यायची, हे तत्त्व दगडात उतरलेलं आहे आणि अडीचशेहून जास्त वर्षं उभं आहे. तिथून तीनेक किलोमीटरवर मेणवलीचा घाट. तिथं पायरीची उंची आणि पावठा (पाय ठेवायची रुंदी) मोजा, रुंद चबुतरे किती पायऱ्यांनंतर येतात ते मोजा, उतरत्या पाण्याबरोबर बसायची जागा कशी खाली सरकत जाते ते बघा. सांगलीच्या सरकारी घाटावर हीच मापं घ्या. मग तिन्ही छेद, मरीन ड्राइव्ह, मेणवली आणि सांगली, एकाच कागदावर एकाच प्रमाणात एकाखाली एक काढा आणि तिन्हींवर पाण्याची सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची पातळी निळ्या पेन्सिलीनं मारा. जानेवारी ते मे हा काळ घाटांसाठी बरा. पाणी उतरलेलं असतं, खालच्या पायऱ्या उघड्या असतात आणि सांध्यांतला चुना कुठं शिल्लक आहे, कुठं नंतर सिमेंट थापलंय, तेही दिसतं.